एक सर्व्हर, पाच संगणक, परवाने किती?

इंदुरीवरून जाणाऱ्या तळेगाव-चाकण रस्त्यावर कारखान्यांची रांग आहे. असा एखादा कारखाना एकाच सर्व्हरवर हिशेब, हजेरी, गोदाम असे पाच आभासी संगणक चालवतो, असं धरू. मग विंडोज सर्व्हरचे परवाने किती लागतील? पाच म्हणाल, तर फसाल!

२०१६ च्या आवृत्तीपासून मोजणी साधारणपणे होते ती खऱ्या यंत्रातल्या कोअरची. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६. यंत्रात कोअर बाराच असले तरी पैसे सोळांचे. स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्या कोअरचे परवाने घेतले की दोनच आभासी संगणकांची मुभा मिळते. पुढच्या दोनांसाठी सगळे कोअर पुन्हा मोजायचे. म्हणजे २४ कोअरच्या यंत्रावर पाच संगणकांना ७२ कोअरचे परवाने!

डेटासेंटर आवृत्तीत ही मर्यादा नाही. मात्र तिची किंमत जवळपास सहापट. त्यामुळे दहा-बारा आभासी संगणकांच्या पुढेच ती परवडते. वापरकर्त्यांचे किंवा उपकरणांचे परवाने वेगळे, आणि नेमके तेच खरेदीच्या वेळी विसरतात. डेबियनसारख्या लिनक्सवर काम भागत असेल, तर ही मोजदाद मुळात करावीच लागत नाही.