घरातल्या कॉम्प्युटरवरचा गेम सर्व्हर

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, बोलले तसंच लिहून दिलं आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, आमची पोरं दिवसभर गेम खेळतात, त्यावर दहा मिनिटं बोल." गेम वाईट की चांगले हे मला माहीत नाही. पण एका गेमपायी आमच्या घरात २०२० साली जे झालं ते मला माहीत आहे. त्याचा या मेळाव्याशी थोडा संबंधही आहे, तो शेवटी कळेल.

आज मी मेट्रोने आले. दापोडी स्टेशनवर उतरल्यावर हॅरिस पुलाकडे बघत दोन मिनिटं उभी राहिले. १८९५चा तो पूल आपण सायकलवरून किती वेळा ओलांडला असेल! नदीच्या अंगाला उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर होतं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे आईच्या हातची थालीपिठं खाल्ली आहेत. आई आता नाही. घरात बाबा, दादा, वहिनी आणि माझा भाचा असतात. मी लग्नानंतर वाकडला.

२०२०च्या मे महिन्यातली गोष्ट. टाळेबंदी सुरू होती, दापोडीतल्या गल्ल्यांना बांबू लावलेले होते. भाचा तेव्हा सातवीतून आठवीत गेलेला. त्याचा एक रात्री फोन आला, "आत्या, मला सर्व्हर टाकायचाय." मला वाटलं ऑफिसची चेष्टा करतोय. पण त्याला माइनक्राफ्टचा सर्व्हर हवा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा स्वीडनमध्ये तयार झालेला खेळ, २०११ साली पूर्ण स्वरूपात आला. त्यात ठोकळे रचून घरं, पूल, गावं बांधायची. एकट्यानेही खेळता येतो. पण कोणीतरी आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू ठेवला, तर बाकीचे आपापल्या घरून त्याच जगात येतात. पोरांच्या वर्गातले दोघे गावाला अडकले होते, एक जुन्नरकडे, एक साताऱ्याकडे. बाकीचे चारशे मीटरवर राहून एकमेकांना भेटू शकत नव्हते. त्यांना भेटायला एक जागा हवी होती, एवढंच.

सर्व्हर चालू करणं अवघड नव्हतं. जावा टाकलं, फाइल उतरवली, काळ्या खिडकीत चार ओळी पळाल्या, झालं. पोराने लगेच व्हॉट्सअॅपवर मित्रांना पत्ता पाठवला: १९२.१६८.१.१०. कोणालाच आत येता येईना. यावर मी फोनवर इतकी हसले की वहिनीने विचारलं काय झालं. कारण तो पत्ता म्हणजे "आमच्या घरातली दुसरी खोली" असं सांगण्यासारखा. प्रत्येक पोराने आपापल्याच घरातली दुसरी खोली ठोठावली.

हे समजावायला मला बाबांचं वर्कशॉप उपयोगी पडलं. आपल्यातल्या निम्म्यांचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नाहीतर पिंपरीच्या कंपन्यांत होते, म्हणून तुम्हालाही कळेल. कारखान्याचा बाहेरचा फोन नंबर एकच. आत प्रत्येक खात्याला एक्स्टेन्शन. आतल्या माणसाला बाहेर फोन करायचा असेल तर शून्य फिरवला की लाइन मिळते. पण बाहेरच्या माणसाने नुसतं "चोवीस नंबर" म्हणून भागत नाही, चोवीस नंबर प्रत्येक कारखान्यात असतो. त्याने मुख्य नंबर लावायचा आणि ऑपरेटरला माहीत असायला हवं की हा फोन चोवीसवर जोडायचा आहे. घरातलं राउटर म्हणजे तो ऑपरेटर. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा फोन आतून बाहेर जातो, म्हणून काही सांगावं लागत नाही. सर्व्हरला फोन बाहेरून येतात. ऑपरेटरला आधीच सांगून ठेवावं लागतं की २५५६५ नंबरच्या दारावर कोणी आलं तर या कॉम्प्युटरकडे पाठव. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

आता एक गंमत. १९२.१६८ने सुरू होणारे हे "आतले" पत्ते ज्या दस्तऐवजाने आजच्या रूपात पक्के केले, तो आरएफसी १९१८, फेब्रुवारी १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. आपण तेव्हा दहावीच्या बोर्डाच्या धास्तीत होतो आणि गणिताचे सर शनिवारीही जादा तास घेत होते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात. सर, हा घात मी कॅल्क्युलेटरशिवाय काढला आहे. जगाला हे पत्ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं, म्हणून घराघरात तेच ते आतले पत्ते वापरायची सोय झाली. २०११च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले.

आमच्या घरी मात्र एक ऑपरेटर नव्हता, तीन होते.

इंटरनेटचं कनेक्शन वरच्या मजल्यावरच्या काकांचं. त्यांच्याकडून खिडकीतून एक वायर आमच्याकडे, एक शेजारी, पैसे तिघांत. (कंपनीच्या नियमात हे बसत नसणार, पण त्या गल्लीत असंच होतं.) काकांचं एक राउटर, त्याच्या खाली आमचं दुसरं. दोन्ही खोकी स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होती, त्यामुळे आधी एकाचं बारसं पुन्हा करावं लागलं. ते झाल्यावर दिसलं की काकांच्या राउटरलाही बाहेरचा पत्ता १००.७२ने सुरू होणारा मिळालेला आहे. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवले. कंपनी शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता वापरते आणि आपण त्या मोठ्या कारखान्यातलं एक खातं होतो. तो तिसरा ऑपरेटर कंपनीचा, त्याला आपण काही सांगू शकत नाही. जादा पैसे भरून स्वतंत्र कायमचा पत्ता घ्यावा लागतो. भाच्याने साठवलेले वाढदिवसाचे पैसे दिले, उरलेले मी घातले.

काका आधी तयार नव्हते. "आमच्या वायरवर बाहेरची माणसं कशाला?" असा त्यांचा प्रश्न. मी त्यांना फोनवर वीस मिनिटं समजावलं की काही होत नाही, मी एवढी वर्षं हेच करते आहे. त्यांच्या मुलीचे ऑनलाइन तास अडायला नकोत म्हणून खेळ फक्त संध्याकाळी सात ते नऊ असं ठरलं. काकांचा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चुकीचं होतं.

कारण मी काय केलं ते सांगते. मला दापोडीला येता येत नव्हतं. सगळं भाच्याकडून फोनवर करून घेत होते, नाहीतर एनीडेस्कवरून. दोन राउटर, दोन ठिकाणी तोच नियम, त्यात कॉम्प्युटर बंद करून चालू केला की त्याचा आतला पत्ता बदलायचा आणि नियम भलत्याच ठिकाणी बोट दाखवायचा. घरातून बघितलं तर चालतंय की नाही हेही धड कळेना, वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून तपासावं लागे. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री साडेअकराला, सकाळी ऑफिसचा कॉल असताना, मी भाच्याला म्हटलं, "तिथे डीएमझेड लिहिलंय ना, ते चालू कर. दोन्हीकडे." याचा अर्थ ऑपरेटरला सांगणं की कोणत्याही दारावर कोणीही आलं तरी याच कॉम्प्युटरकडे सोड. एक दार उघडायचं होतं, मी पुढची भिंतच काढली.

लगेच चाललं. पोरं आत आली. पुढचे नऊ दिवस त्या घरात रोज संध्याकाळी इतका आरडाओरडा होता की वहिनी म्हणाली, शाळा सुटल्यासारखं वाटतं. त्यांनी हॅरिस पूल बांधला, कमानी मोजून. आमची शाळा बांधली, मधल्या सुट्टीची घंटा सुद्धा. जुन्नरचा मुलगा शेतातल्या बांधावर लॅपटॉप घेऊन बसायचा, तिथे रेंज होती म्हणून.

दहाव्या दिवशी सकाळी बाबांनी फोटो बघायला कॉम्प्युटर लावला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट लागलेलं. उघडत काहीच नव्हतं. एका फाइलमध्ये इंग्रजीत मजकूर: बिटकॉइन पाठवा, मग फाइली परत मिळतील.

फोटोंचं सांगायला हवं. २०१९च्या ऑगस्टमध्ये मुळा-पवनेचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा अल्बम भिजले. जे वाचले ते बाबांनी गच्चीवर वाळवले, एकेक फोटो टीपकागदात धरून दुकानात नेला आणि स्कॅन करून आणला. मूळ प्रतींना नंतर बुरशी लागली, त्या गेल्या. स्कॅन कॉम्प्युटरवर होते आणि एका पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून बाबांनी कॉम्प्युटरला मागच्या बाजूने कायमचा लावून ठेवला होता. तोही गेला. आईचे सगळे फोटो त्यात होते. दहावीच्या निरोप समारंभाचेही.

बाबा भाच्याला म्हणाले, "तुझ्या खेळापायी गेलं सगळं." तो काही बोलला नाही. पोरांचं ते जग, तो पूल, तेही त्याच डिस्कवर होतं, तेही गेलं होतं. पण त्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

मी त्याच संध्याकाळी नोंदी तपासल्या. खेळातून कोणी आलं नव्हतं. त्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप चालू होता, तो दोन वर्षांपूर्वी मीच चालू केला होता, माझ्या सोयीसाठी. पासवर्ड बाबांचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, तोही मीच ठेवलेला. भिंत होती तोवर हे कुणाला दिसत नव्हतं. डीएमझेड चालू केल्यापासून दिवसरात्र कोणीतरी, म्हणजे कुठलं तरी यंत्र, ३३८९ नंबरच्या दारावर पासवर्ड मारत होतं. हजारो चुकलेले प्रयत्न, आणि मग पहाटे तीनच्या सुमारास एक बरोबर. माइनक्राफ्टचं दार तेवढं उघडलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं.

मित्रमैत्रिणींनो, हे मला त्या संध्याकाळी कळलं आणि मी तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. घरातली मी हुशार. बोर्डात गणितात पैकीच्या पैकी. कॉलनीत कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की "तिला विचारा". मी दादाला म्हटलं, "व्हायरस असतात रे असे." ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला की पोरगा जेवत नाही, आजोबांच्या समोर येत नाही, मित्रांचे फोन घेत नाही. मग मी फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि सगळं सांगितलं.

दादा गप्प होता. बाबा बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला काय सांगतेस, त्याला सांग." भाचा म्हणाला, "आत्या, तू डीएमझेड म्हणालीस तेव्हा मी विचारलं होतं याने काय होतं. तू म्हणालीस, उद्या सांगते."

हे खरं होतं. मी म्हणाले होते.

पैसे आम्ही भरले नाहीत. भरूनही किल्ली मिळेल याची खात्री नसते. युरोपातल्या पोलिसांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम'वर काही जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या जातीची नव्हती. ती डिस्क अजून बाबांच्या कपाटात आहे, पिशवीत गुंडाळून. मी दर सहा महिन्यांनी जाऊन बघते.

नवीन डिस्क टाकल्यावर भाचा पुन्हा सर्व्हर उभा करणार नाही असं वाटलं होतं. त्याने केला. मी फोनवर होते, पण या वेळी प्रश्न तो विचारत होता आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं बटण दाबत नव्हता. दोन्ही राउटरवर एकच दार, कॉम्प्युटरला आतला पत्ता कायमचा, सर्व्हरसाठी वेगळं साधं खातं, रिमोट डेस्कटॉप बंद, आणि ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनाच प्रवेश. ही यादी आधीही लावता आली असती. तीही मी "नंतर" म्हणून सोडली होती. मग तो वर काकांकडे गेला आणि त्यांना स्वतः सगळं सांगून आला. काकांशी मी अजून नीट बोललेले नाही.

फोटोंपैकी एकतीस परत मिळाले, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवरून, बारीक झालेले. आईचा स्वयंपाकघरातला एक त्यात आहे. निरोप समारंभाचा एकही नव्हता. या स्मरणिकेसाठी फोटो मागवले तेव्हा भूगोलाच्या बाईंनी त्यांच्या ट्रंकेतून जो पाठवला, ज्यात मी डोळे मिटलेले आहेत आणि मागे एक हात कोणाच्या तरी डोक्यावर शिंगं करतोय, तो मी १९९६नंतर पहिल्यांदा पाहिला. बाई, तुमचे खूप उपकार आहेत. बाकीच्यांकडे जे काही असेल, फाटलेलं, पिवळं पडलेलं, ते कृपया आणून द्या. स्कॅन करून मूळ प्रत परत मिळेल, आणि स्कॅन तीन ठिकाणी राहील, त्यातली एक जागा भिंतीला जोडलेली नसेल.

हे काम भाचा करणार आहे. तो आता अकरावीला आहे, मागे प्रोजेक्टरजवळ उभा आहे तोच. सर्व्हर अजून चालू आहे, सात ते नऊ. शाळा पुन्हा बांधून झाली आहे, पूल अर्धा राहिलाय. तुमच्यापैकी कोणाच्या मुलांना यायचं असेल तर नावं त्याच्याकडे द्या. तो आधी चार प्रश्न विचारेल, रागावू नका.