सिकलसेलचं लेकरू कुणाकडं न्यावं?

आज सिकलसेलविषयी बोलायचं आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत हे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या रोगात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हातपाय ठणकतात. चांगली पेशी 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांत मोडते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. हा रोग आईबापांकडून येतो. करणीने होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

लेकरू रडू लागलं की आपण जवळचा दवाखाना गाठतो. सुई, सलाईन, दोन दिवस आराम. महिन्याने पुन्हा तेच. त्यात घरची शेळी विकली जाते, आणि रोग आहे तिथंच राहतो. तेव्हा डॉक्टर असा पाहा, की जो लेकराकडं वर्षानुवर्षं लक्ष ठेवील.

तो ओळखायचा कसा? तपासणी पुरी करतो का, ते आधी बघा. सोल्युबिलिटी नावाची एक सोपी तपासणी असते. तिने रक्तात दोष आहे एवढंच कळतं. लेकरू रोगी आहे की नुसतं वाहक, हे कळत नाही. वाहकाला बहुधा काही त्रास नसतो. हा फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. नाव मोठं अवघड! कागदावर लिहून न्या.

मग औषधाचं विचारा. हायड्रॉक्सियुरिया रोज घेतलं तर ठणक कमी वेळा येते. पण त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. म्हणून ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं. औषध दिलं आणि तपासणीला बोलावलंच नाही, तर स्पष्ट विचारा, "डॉक्टरसाहेब, रक्त केव्हा तपासायचं?" विचारल्याने रागावणारा डॉक्टर या कामाचा नव्हे. आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका.

कुणी म्हणेल, थेट नागपूरलाच न्यावं का? सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञापासून करा. लेकरू 2 वर्षांचं झालं की मेंदूच्या नसांतलं रक्त वर्षातून एकदा यंत्राने बघावं लागतं. त्यासाठी ते मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देतील. एस.टी.त सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, तिचीही चौकशी करा.

पण ताप 101 च्या वर गेला, दम लागला, पोट डाव्या बाजूला फुगलं, लेकरू एकाएकी पांढरंफटक पडलं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर दूरच्या तज्ज्ञाची वाट पाहू नका. त्याच रात्री जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. नाहीतर जीव जाऊ शकतो. गाडीसाठी 108 नंबर फिरवा. तिथला नवा डॉक्टर तुमच्या लेकराला ओळखणार नाही. म्हणून तपासणीचे सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा.