वारंवार मुरगळणारा घोटा



पाय मुरगळणं हे दुखणं आपण सहसा दुखण्यात धरतच नाही. कबड्डीच्या मैदानात, एसटीतून उतरताना किंवा गडाच्या घसाऱ्यावर पाऊल आत वळतं, घोटा सुजतो. आंबेहळदीचा लेप लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस कामाला लागतो. बहुतेकांचं प्रकरण तिथेच मिटतं. काहींचा तोच पाय मात्र पुन्हा मुरगळतो, मग पुन्हा. पुढे तर सपाट रस्त्यावरही दगा देतो. आज बोलायचंय ते अशा घोट्याबद्दल.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना हाडं बांधणारे तीन अस्थिबंध असतात. आपण त्यांना लिगामेंट म्हणतो. त्यांतला पुढचा सर्वांत कच्चा. चवडा खाली झुकलेला असताना पाऊल आत वळलं, की पहिला ताण त्याच्यावर येतो आणि पहिला तोच फाटतो. मार मोठा असेल तर टाचेकडे जाणारा दुसराही जातो. मागचा सहसा वाचतो. फाटलेला बंध भरून येतो, पण कधी कधी धुवून धुवून सैल झालेल्या इलॅस्टिकसारखा, लांबलेला.

पण पाय दगा देतो म्हणजे बंध सैलच असेल, असं नाही. 1965 मध्ये लंडनच्या मायकेल फ्रीमन यांनी दाखवलं, की अशा कित्येकांचे बंध तपासणीत सैल निघत नाहीत. अस्थिबंधात मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल कुठं कसं पडतंय, याची खबर ती देतात. दुखापतीत तीही तुटत असावीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काही रुग्णांना हलत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं, आणि त्यांच्यात पाय दगा देण्याची तक्रार कमी उरली. म्हणून दोष बंधात आहे की तोलाच्या जाणिवेत, की दोन्हींत, हे आधी ठरवावं लागतं. शस्त्रक्रियेनं बंध घट्ट होतो, हरवलेली जाणीव परत येत नाही.

हे ठरवायचं कसं? पेशंट बहुधा एमआरआयची फाइल घेऊनच येतो. ती मी नंतर उघडतो. आधी पाय मोकळा लोंबता ठेवून एका हातानं नडगी धरायची, दुसऱ्या हातानं टाच पुढे ओढायची. बंध सैल असेल तर पाऊल घोट्याखालून पुढे सरकतं, आणि कधी पुढच्या-बाहेरच्या बाजूला त्वचेवर खळगा पडतो. तेच दुसऱ्या पायावर करून बघायचं, कारण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. अंगठा वाकवून मनगटाला टेकवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ताज्या दुखापतीत सूज आणि वेदना असताना ही तपासणी फसवते. चार-पाच दिवसांनी ती जास्त खरं सांगते.

पेशंटला उभं करून मागून टाच पाहायलाही विसरू नये. टाच मुळातच आत कललेली असेल, तर नुसता बंध शिवून भागत नाही, टाचेचं हाड कापून सरळ करावं लागतं. एमआरआय उपयोगी पडतो तो कूर्चेचा टवका उडालाय का, घोट्यामागून जाणारी स्नायूची कंडरा चिरलीय का, हे पाहायला. मात्र तो निजलेल्या माणसाचा असतो. चालताना पाय काय करतो, हे त्यात दिसत नाही.

पहिला उपचार व्यायामाचाच, आणि तो महिनोन् महिने, नेमानं. एका पायावर उभं राहणं, पाऊल बाहेर वळवणाऱ्या स्नायूंना बळ देणं. एवढं करूनही पाय वळतच राहिला आणि बंध सैल असल्याची खात्री पटली, तर शस्त्रक्रिया.

जुन्या पद्धतींत, उदाहरणार्थ ब्रिटनच्या वॉटसन-जोन्स यांच्या पद्धतीत, पोटरीच्या बाहेरच्या स्नायूची कंडरा घेऊन हाडाच्या भोकांतून ओवत. घोटा घट्ट होई, पण पावलाला आत वळण्यापासून अडवणारा पहारेकरीच त्या कामी खर्ची पडे. मला हा सौदा कधीच पटला नाही. स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी 1966 मध्ये दाखवलं, की दुखापतीला वर्षं उलटली तरी फाटलेल्या बंधाची टोकं सापडतात आणि थेट शिवता येतात. 1980 मध्ये अमेरिकेच्या गूल्ड यांनी त्यावर शेजारच्या पट्ट्याचा एक पदर ओढून शिवला. आज बहुतेक ठिकाणी पहिली पसंती याच पद्धतीला असते. टाके हाडात रुतवलेल्या बारीक अँकरला बांधतात, आणि हे काम दुर्बिणीतूनही होतं. बंध अगदीच विरला असेल किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर मांडीच्या मागची कंडरा वापरतात.

धोके आहेत. जवळून जाणाऱ्या नसेला इजा झाली तर पावलाचा काही भाग बधिर राहतो. घोटा थोडा आखडूही शकतो. साधारण सहा आठवडे प्लास्टर किंवा बूट, आणि मैदानावर परतायला तीन-चार महिने, कधी जास्त. बूट निघाला की फिजिओथेरपिस्ट पुन्हा एका पायावर उभं करतातच. “ऑपरेशन झालं, आता व्यायाम कशाला?” असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी फ्रीमन यांची ती हलती फळी सांगतो.