चावी विद्यार्थ्याच्या खिशात

म्युनिकच्या यू-६ मेट्रोचं उत्तरेकडचं शेवटचं स्थानक म्हणजे गार्चिंगचं संशोधन केंद्र. जिना चढून वर आलं की टेक्निकल युनिव्हर्सिटीचा, म्हणजे टीयूएमचा, विस्तीर्ण परिसर समोर येतो. १९५७ साली जर्मनीतली पहिली संशोधन अणुभट्टी इथे सुरू झाली आणि तिच्या अंड्यासारख्या घुमटाला गावाने आपल्या नगरचिन्हातच जागा दिली. गणित आणि संगणकशास्त्राच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत दोन भल्यामोठ्या घसरगुंड्या आहेत. दोन्ही मिळून एक पॅराबोला तयार होतो. मुलं चटई घेतात आणि सुसाट खाली येतात. याच रस्त्यावर शेजारी लाइबनित्स सुपरकॉम्प्युटिंग सेंटर आहे. सगळे त्याला एलआरझेड म्हणतात.

एलआरझेडचा जन्म १९६२चा. २००६ साली ते म्युनिकमधून गार्चिंगला आलं. म्युनिकच्या दोन्ही मोठ्या विद्यापीठांचं नेटवर्क, वाय-फाय, फाइली ठेवायची जागा, असा विद्यार्थ्यांचा रोजचा डिजिटल संसार बराचसा इथूनच चालतो. याच इमारतीत सुपरएमयूसी-एनजी हा महासंगणक आहे. त्यात तीन लाखांहून अधिक कोअर आहेत आणि नोव्हेंबर २०१८च्या जागतिक यादीत त्याचा आठवा क्रमांक होता. भूकंपाच्या लहरी, ताऱ्यांचा जन्म, रक्तप्रवाह अशी गणितं तिथे सोडवली जातात.

मे २०२०च्या मध्यावर या केंद्राला आपली यंत्रणा बाहेरच्या जगापासून तोडावी लागली. त्याच आठवड्यात एडिनबराचा आर्चर हा महासंगणक, यूलिशचे महासंगणक, बाडेन-व्युर्टेमबर्गमधल्या विद्यापीठांचे संगणकसमूह आणि स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय केंद्र यांच्यावरही तीच वेळ आली. करोनाचा पहिला तडाखा बसत होता आणि विषाणूवरच्या संशोधनाला अशा यंत्रांची कधी नव्हे एवढी गरज होती. नेमक्या तेव्हाच युरोपातली बलाढ्य यंत्रं एकामागून एक बंद होत गेली.

घुसखोरांना काय हवं होतं? युरोपच्या संशोधन-संगणन जाळ्याच्या सुरक्षा पथकाने त्या दिवसांत हल्ल्यांच्या दोन मालिकांची माहिती जाहीर केली. एका मालिकेत यंत्रांवर मोनेरो हे आभासी चलन ‘खणलं’ जात होतं, म्हणजे लोकांच्या पैशाने चालणारी वीज आणि यंत्रं वापरून चोर स्वतःसाठी नाणी पाडत होते. काही ठिकाणी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून हे काम फक्त रात्रीच चालेल अशी वेळ लावलेली होती.

म्युनिकच्याच एलएमयू विद्यापीठातल्या एका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाने सापडलेल्या फाइली उलगडून पाहिल्या. फॉन्ट ठेवण्याच्या साध्या फोल्डरात, नावाआधी टिंब असलेल्या दोन फाइली दडलेल्या होत्या. असं टिंब दिलं की ती फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही. एक फाइल तिच्या मालकाला यंत्राचा सर्वाधिकार द्यायची, दुसरी नोंदवह्यांमधून त्याच्या पाऊलखुणा पुसायची. फॉन्टच्या फोल्डरात डोकावून पाहायचं कुणाला कशाला सुचेल?

पण या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दाराशी घडली होती. घुसखोर संशोधकांची आणि विद्यार्थ्यांची चोरलेली लॉगिन-माहिती घेऊन, एका विद्यापीठातून दुसऱ्यात उड्या मारत पुढे सरकत होते. महासंगणकावर लॉगिन करताना बरेच जण पासवर्डऐवजी एसएसएच चावी वापरतात. ही चावी म्हणजे आपल्या लॅपटॉपवरची एक छोटी फाइल. तिच्यावर स्वतंत्र सांकेतिक वाक्य लावता येतं. दर वेळी ते टाइप करण्याचा कंटाळा म्हणून अनेक जण लावत नाहीत. शिवाय आपण कुठकुठल्या यंत्रांवर जाऊन आलो, त्याची यादीही बहुधा त्याच फोल्डरात पडलेली असते. एका यंत्रावर शिरकाव झाला की चोराच्या हाती चावीही येते आणि पुढच्या घरांचे पत्तेही. म्हणून आर्चर पुन्हा सुरू करताना एडिनबराने सगळ्यांचे जुने पासवर्ड आणि सगळ्या चाव्या रद्द केल्या.

विद्यापीठाचं सगळं काम विश्वासावर चालतं. क्राकोवचा संशोधक गार्चिंगच्या यंत्रावर काम करतो, गार्चिंगची पीएचडीची विद्यार्थिनी एडिनबराला विदा पाठवते, आणि प्रत्येकाची झडती घेत बसलं तर विज्ञान पुढे सरकणारच नाही. सायबर चोर हाच विश्वास लुटतो. म्हणून वर्गातल्या तंत्रज्ञानाचा विचार करताना यंत्रं किती घेतली, फळे किती ‘स्मार्ट’ झाले, याच्या आधी विचारायला हवं की चावी कुणाच्या खिशात आहे आणि ती कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलं आहे का. ती बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या खिशात असते, आणि शिकवलेलं बहुतेक वेळा नसतं.

हा विश्वास मोडला की काय होतं, ते गीसनने अनुभवलं. फ्रँकफर्टच्या उत्तरेला असलेलं हे १६०७ सालचं विद्यापीठ. ८ डिसेंबर २०१९, रविवार. मालवेअर सापडल्यावर विद्यापीठाने स्वतःच सगळं जाळं बंद केलं. ईमेल, ग्रंथालयाची सूची, अभ्यासक्रमाचं पोर्टल, सगळंच गेलं. पुढे प्रश्न आला नव्या पासवर्डचा. ते ईमेलने पाठवायचे तर ईमेलच बंद. शिवाय जर्मन संशोधन नेटवर्कच्या नियमांमुळे प्रत्येकाची ओळख समोरासमोर पटवणं भाग होतं. मग विद्यापीठाच्या क्रीडागृहात टेबलं मांडली गेली, जन्मतारखांनुसार वेळा ठरल्या आणि विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून असे सगळे हातात ओळखपत्र घेऊन रांगेत उभे राहिले. ३८ हजारांहून अधिक नवे पासवर्ड कागदावर छापून हातोहात दिले गेले. कर्मचाऱ्यांचे संगणक तपासायला विषाणूशोधक पेन-ड्राइव्ह वाटले गेले. परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि एकविसाव्या शतकातलं विद्यापीठ कागदाच्या चिठ्ठ्यांवर उभं होतं.

त्याच महिन्यात, नाताळच्या दोन दिवस आधी नेदरलँड्समधलं मास्ट्रिश्ट विद्यापीठ खंडणीखोरांच्या तावडीत सापडलं. कुणीतरी ऑक्टोबरमध्ये एका फसव्या ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक केलं होतं आणि चोर दोन महिने आत फिरत होते. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो मोजले. विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि संशोधकांचं आयुष्यभराचं काम अडकलेलं असताना तो निर्णय घेणाऱ्यांना दोष देणं अवघड आहे.

शाळांची गोष्ट याहून नाजूक. १६ मार्च २०२० रोजी बव्हेरियातल्या शाळा बंद झाल्या आणि पहिल्याच सकाळी राज्याचा ‘मेबिस’ हा शिक्षणमंच कोसळला. एकाच वेळी अनेक यंत्रांवरून खोट्या विनंत्यांचा मारा झाल्याचं शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. आपल्याकडे त्याच सुमारास घरोघरी वेगळंच घडत होतं. शाळा भरायची आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर, आणि त्याच फोनवर यूपीआय, बँकेचे ओटीपी, आधारचा फोटो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती वर्ग आणि तिजोरी एकदमच आली. वर्ग संपल्यावर तो गेम उघडायचा, त्यात कुणी अनोळखी ‘दादा’ भेटायचा आणि फुकट हिऱ्यांच्या बदल्यात फोनवर आलेला सहा आकडी नंबर मागायचा. त्या मुलाची चूक म्हणावी तरी कशी? ओटीपी म्हणजे काय, हे त्याच्या पुस्तकातल्या कुठल्याच धड्यात नव्हतं.

मोठ्यांच्या व्यवस्थेनेही मुलांची माहिती जपली असं नाही. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ अॅपची विदा एका असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडल्याचं जानेवारी २०२३मध्ये समोर आलं. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, दारच उघडं राहिलं होतं.

इथे एक अप्रिय बाजूही मांडायला हवी. विद्यार्थी नेहमी बळीच असतो असं नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने शाळा-महाविद्यालयांतल्या, आतल्याच माणसांकडून झालेल्या २१५ विदाभंगांचा अभ्यास केला. त्यातले ५७ टक्के विद्यार्थ्यांनी केलेले होते. चोरलेल्या लॉगिनची जी प्रकरणं होती, त्यांत तर ९७ टक्के हात विद्यार्थ्यांचे. खरी तांत्रिक करामत लागली ती फक्त ५ टक्के प्रकरणांत. बाकी सगळं सोपं होतं: सरांचा पासवर्ड ओळखता येण्यासारखा, कुठे चिठ्ठीवर लिहिलेला, कुठे लॅपटॉप उघडाच सोडलेला. स्पेनच्या अल्मेंद्रालेहो गावात २०२३ साली मुलांनी आपल्याच वर्गमैत्रिणींची एआयने बनवलेली नग्न छायाचित्रं गटांमध्ये फिरवली. पुढच्या वर्षी बालन्यायालयाने १५ मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. त्या मुलींना मात्र पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसायचं होतं. अमेरिकेत ‘पॉवरस्कूल’ या शालेय सॉफ्टवेअरमधून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती पळवून खंडणी मागणारा तरुण अवघा १९ वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी निघाला. २०२५मध्ये त्याला चार वर्षांचा तुरुंगवास झाला. तोही आत शिरला होता चोरलेल्या लॉगिननेच.

आता पुणे, नाशिक, सांगलीतून गार्चिंगला येणाऱ्या मुलामुलींकडे वळू. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये तो सर्वांत मोठा गट. यातले बरेच जण तंत्रविद्यापीठांत, आणि म्युनिकसारख्या जर्मनीतल्या सर्वांत महाग शहरात. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात ११,९०४ युरो भरलेले असतात. अनेक घरांत ते कर्ज काढून भरलेले. खोली मिळालेली नसते, जर्मन जेमतेम, आणि सत्र ऑक्टोबरात सुरू होणार. चोराला असा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही.

पहिला सापळा खोलीचा. जाहिरातीत लाकडी जमिनीचा नेटका फ्लॅट, भाडं बाजारापेक्षा दोनशे युरोंनी कमी. ‘मालक’ सध्या स्पेनमध्ये किंवा लंडनमध्ये असतो, त्यामुळे घर दाखवता येत नाही. अनामत भरा, चाव्या कुरिअरने येतील. विश्वास बसावा म्हणून तो स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवतो. तो फोटो आधीच्या एखाद्या बळीचा असतो. मग तो तुमच्या पासपोर्टची प्रत मागतो आणि पुढच्या जाहिरातीत ‘मालक’ म्हणून तुमचा चेहरा लागतो. पैसे गेल्याचं दुःख कळतं. पासपोर्ट गेल्याचं कळायला काही महिने लागतात.

दुसरा सापळा नोकरीचा, आणि तो जास्त घातक. आठवड्याला काही तासांचं काम, घरबसल्या, ‘अॅप तपासनीस’ म्हणून. पहिलं काम म्हणजे एका बँकेची ओळख पटवण्याची प्रक्रिया कशी चालते ते तपासायचं. मुलगी व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टात पासपोर्ट दाखवते आणि आपण चाचणी केली असं समजते. प्रत्यक्षात तिच्या नावाने खरं खातं उघडलेलं असतं आणि त्याचा ताबा चोराकडे असतो. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून वाहून जातात आणि एके दिवशी पोलिसांचं पत्र तिच्या दारात येतं. जर्मन कायद्यात पैसा गंभीर निष्काळजीपणाने पुढे सरकवला तरी तो गुन्हा ठरू शकतो. व्हिसावर राहणाऱ्यासाठी याचा अर्थ काय होतो, तो वेगळा सांगायला नको.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, तेव्हा बनावट कार्डं २८ देशांत चालली होती. पण कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर उभं राहून नोटा काढणारी माणसं इथलीच होती. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यातल्या ११ जणांना दोषी ठरवलं. पडद्यामागचे सूत्रधार दूर राहतात, तुरुंगात जातो खातं किंवा हात भाड्याने देणारा. आज महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ‘खातं दे, महिन्याला पाच हजार घे’ म्हणणारे भेटतात. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबला ‘म्यूलहंटर’ हे एआय साधन तयार करावं लागलं, यावरूनच त्यांचं पेव किती फुटलं आहे ते दिसतं.

उपाय म्हणून शाळा बहुतेकदा बंदीकडे वळतात. फोन जमा करा, साइट अडवा, कॅमेरे लावा. लहान वर्गांत फोन नसणं योग्यच आहे. पण यंत्र उघडून बघण्याची ओढ असलेल्या मुलाला फक्त ‘हात लावू नकोस’ सांगितलं तर तो दुसरीकडे शिकतो, आणि तिथले शिक्षक कोण असतील ते सांगता येत नाही. जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबचे स्वयंसेवक गेली अनेक वर्षं शाळांत जाऊन मुलांशी, शिक्षकांशी आणि पालकांशी बोलतात. गार्चिंगसारख्या परिसरात विद्यार्थी संघ करून ‘कॅप्चर द फ्लॅग’ खेळतात. त्यासाठीच बांधलेल्या यंत्रणेत शिरायचं, निशाणी शोधायची, कायदा न मोडता. पुण्यात क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी शाळांत जाऊन धाकट्यांना सायबर सुरक्षा शिकवतात. विशीतल्या ताईने सांगितलेलं तेरा वर्षांच्या मुलाला पटतं, कारण तीही त्याच अॅपवर असते.

असे तास वेळापत्रकात हवेत, एखाद्या जागरूकता दिनापुरते नकोत. सातवीच्या वर्गात मुलांनी खरी वाटणारी फसवी ईमेल स्वतः तपासावी आणि पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर-अक्षर वाचावा. शिक्षकांनी आपल्या खात्याला दुहेरी पडताळणी लावताना मुलांना दाखवावं. फसलेल्या मुलाने घरी सांगितलं तर पहिलं वाक्य रागावण्याचं नसावं, कारण भारतात १९३०वर फोन जितका लवकर जाईल तितके पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त, आणि ओरडा बसण्याच्या भीतीने मुलं नेमके तेच तास गमावतात. परदेशी निघालेल्यांसाठी तर गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांना फार मोठं काम करता येईल. गार्चिंगमध्ये आधीपासून राहणाऱ्या एखाद्या दादाने किंवा ताईने पैसे भरण्याआधी तो फ्लॅट प्रत्यक्ष जाऊन पाहिला, बेल वाजवली, तर सोलापुरात बसलेल्या घरच्यांचे दीड-दोन हजार युरो आणि मुलाचा पासपोर्ट दोन्ही वाचतात. जुलैत प्रवेशपत्रं येतात आणि सप्टेंबरात विमानं सुटतात, तेव्हा ही नावं आणि फोन नंबर जूनमध्येच मंडळाच्या यादीत लागायला हवेत.