पाण्यावरचे घर आणि किनाऱ्यावरचे वाहन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोची येथे दिलेले भाषण)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवरील रसाळ व्याख्यानांनंतर घडीच्या सायकलीवर बोलण्यास उभे राहणे हे धाष्टर्यच आहे. परंतु माझे आयुष्य जहाजांच्या इंजिनघरात गेले, आणि आपल्या मंडळातील एका दांपत्याने निवृत्तीनंतर दहा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून बेटाबेटांनी हिंडण्याचा संकल्प सोडला आहे. त्यांनी मला विचारले, “किनाऱ्यावर उतरल्यानंतर फिरायचे कशाने?” दोघांचीही साठी उलटलेली, निवृत्तिवेतन बेताचे आणि बाईंचा गुडघा दुखरा. त्यांना दिलेले उत्तर आपणा सर्वांसमोर मांडावे, असा चिटणीसांचा आग्रह पडला.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून, गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी नौका घेऊन प्रस्थान ठेवले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. शिडाच्या नौकेतून एकट्याने हे साधणारे ते पहिले भारतीय. त्या प्रवासात फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन एवढ्या चारच ठिकाणी त्यांनी मुक्काम केला. विक्रमाच्या प्रवासात बंदरे टाळावयाची असतात. हिंडण्याच्या प्रवासात बंदरांसाठीच समुद्र ओलांडावयाचा असतो. तिथे नांगर पडला की दुसरा प्रवास सुरू होतो. भाजी एका टोकाला, स्वयंपाकाचा गॅस दुसऱ्या टोकाला, कस्टमची कचेरी तिसरीकडे आणि दवाखाना गावाबाहेर! तीन किलोमीटर चालत जाणे हा व्यायाम आहे. पंधरा किलोचे ओझे घेऊन भर उन्हात तेच तीन किलोमीटर परत येणे ही शिक्षा होय. कोचीत रिक्षा आहे आणि २०२३ पासून वॉटर मेट्रोही आहे. लहान बेटांवर मात्र एखादी बस मिळाली तरी भाग्य समजावे.

तेव्हा वाहन हवे, हे ठरले. पण ते राहणार कुठे? नौकेवर माणसांच्या झोपण्याच्या जागाही मोजून-मापून केलेल्या असतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण नौकेइतकी अक्षरशः अन्यत्र कोठेही लागू पडत नसेल.

लहान वाहनाचा शोध मुळात नाविकांनी लावलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्याने हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी मधोमध दुमडणारी सायकल बनवली. त्याच युद्धात ‘वेलबाइक’ नावाची चिमुकली मोटारसायकलही लोखंडी नळकांड्यात घालून विमानातून टाकण्यात येई. १९६२ मध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांना रबरी स्प्रिंगची जोड देऊन एक गोष्ट सिद्ध केली, की चाक लहान असले म्हणून सायकल हे मुलांचे खेळणे ठरत नाही. १९७५ च्या सुमारास अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने लंडनमधील आपल्या बिऱ्हाडी एक सायकल रचण्यास आरंभ केला. खिडकीसमोर जे चर्च दिसे, त्याचेच ‘ब्रॉम्प्टन’ हे नाव त्याने तिला दिले. तिची चाके सोळा इंची. घडी केली की लांबी-उंची साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या आत आणि जाडी वीतभर-सव्वा वीत. १९८२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हॉन या पदार्थवैज्ञानिकाने ‘डाहॉन’ची स्थापना केली, तिची वीस इंची चाकांची अ‍ॅल्युमिनियमची सायकल नौकावासीयांत विशेष रुळली. मार्क सँडर्स यांची १९८७ मधील ‘स्ट्रायडा’ त्रिकोणी आकाराची. तिला साखळीच नाही, दातेरी पट्टा आहे. घडी केल्यावर ती काठीसारखी लांबट होते.

आता निवड कशी करावी? माझ्या मते कसोट्या चार आहेत.

पहिली कसोटी वजनाची. नौका क्वचितच धक्क्याला लागते; बहुधा ती नांगरावर असते आणि किनाऱ्याला जावे लागते ते रबरी होडक्यातून. कोचीला भरती-ओहोटीतील फरक जेमतेम मीटरभराचा. पण मुंबईला उधाणाच्या वेळी तोच चार मीटरांवर जातो. ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या शिडीने धक्का चढावयाचा असतो. एक हात शिडीला, मग वाहनासाठी उरतो एकच. म्हणून माझा नियम असा, की जे वाहन घरातील अशक्त माणसाला एका हाताने उचलता येत नाही, ते घेऊ नये. दहा-बारा किलोची सायकल या नियमात कशीबशी बसते. विजेची घडीची सायकल सोळा-सतरा किलोंपासून पुढे जाते. होंडाने १९८१ मध्ये मोटारीच्या डिकीत मावणारी ‘मोटोकॉम्पो’ काढली. ती दिसावयास गोजिरवाणी, परंतु वजन चाळीस किलोंहून अधिक! ती उचलावयास यारी हवी.

दुसरी कसोटी खाऱ्या हवेची. साध्या पोलादाला गंज चढतो हे सर्वांना ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असा मात्र एक गोड गैरसमज आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टेनलेस पोलादाचा स्क्रू बसवला आणि त्यावर खारे पाणी पडले, की तिथे एक लहानशी विद्युत्घटमाला तयार होते. त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागते, स्क्रू जाम होतो आणि एके दिवशी बिजागरीच हलत नाही. यावर उपाय साधा आहे: स्क्रू बसवतानाच दाट ग्रीस लावावे, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने पुसून घ्यावे आणि सायकल डेकवर उघड्यावर न बांधता पिशवीत घालून आत ठेवावी. गियर चाकाच्या तुंब्यात बंद असलेले घ्यावेत. बाहेर लोंबणाऱ्या गियरयंत्राला मिठाची बाधा लवकर होते. दातेरी पट्ट्याला तेल लागत नाही आणि तो गंजतही नाही. मात्र तो साखळीसारखा सोडवून जोडता येत नाही, म्हणून सुटा पट्टा जवळ बाळगावा.

तिसरी कसोटी ऊर्जेची. इथे प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. घराच्या अंगणात ती वाऱ्यावर निघून जाते. नौकेत ती खाली उतरून तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. विजेचे वाहन घेतले तर हा धोका टळतो, पण दुसरा उभा राहतो. लिथियमच्या बॅटरीत खारे पाणी शिरले तर आत शॉर्ट सर्किट होऊन ती पेट घेऊ शकते. ही आग विझवणे कठीण, आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकणारी. घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर येतो. नौकेला लागली तर त्याने जावे कोठे? म्हणून बॅटरी निजण्याच्या जागेत ठेवू नये, रात्री चार्जिंगला लावून झोपू नये आणि समुद्रात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये. शिवाय हिशेब पाहा. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तासांच्या बॅटरीत तीनशे साठ वॅट-तास मावतात. शंभर वॅटचे सौरपटल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण तेवढीच वीज देते. आणि दिवे, रेडिओ व शीतपेटी हे सर्व त्याच विजेवर पोसावयाचे असतात.

चौथी कसोटी परक्या भूमीच्या कायद्याची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत सायकलस्वारालाही हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथील अधिकारी टायरला चिकटलेली माती तपासतात, कारण तिच्यातून परदेशी बीज आणि रोगजंतू येतात. तेव्हा बंदर येण्यापूर्वीच चाके घासून धुवावीत आणि विचारले असता लपवू नये. ब्रिटनमध्ये खाजगी मालकीची विजेची स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर चालवणे बेकायदा आहे. साध्या सायकलीला मात्र बहुतेक ठिकाणी ना परवाना लागतो, ना विमा.

पायाने रेटावयाच्या स्कूटरचाही उल्लेख केला पाहिजे. ती चार-पाच किलोची, ठेवावयास सोपी. पण गुळगुळीत धक्का संपला आणि खडी लागली की तिची कर्तबगारी संपते.

या साऱ्यावरून त्या दांपत्याला मी सल्ला दिला तो असा: मोटार नसलेली, तुंब्यात तीन गियर असलेली आणि पुढे सामानाची पिशवी अडकवता येईल अशी एकच घडीची सायकल घ्यावी. रस्ते बरे असतील तर सोळा इंची चाके, खडबडीत असतील तर वीस इंची. बाईंचा गुडघा चढावर साथ देणार नाही, हे मी जाणतो. पण त्यासाठी नौकेवर बॅटरी आणण्यापेक्षा सायकलीने जाऊन तिथे टॅक्सी बोलावून आणणे स्वस्त आणि निर्धोक आहे. आणि पैसे मोजण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. कोणाची तरी सायकल उसनी मागून आणावी, ओहोटीच्या वेळी ती होडक्यात उतरवावी, नौकेवर चढवावी, जागेवर ठेवावी आणि पुन्हा किनाऱ्याला आणावी. हे दोघांनी एकेकट्याने करावे. ज्याला जमणार नाही त्याचे मत अखेरचे मानावे.

बंधुभगिनींनो, आपण सारे घरापासून दूर येऊन स्थिरावलेली माणसे. परमुलखात पाय रोवताना आपण काय बरोबर आणले आणि काय मागे ठेवले, यावरच आपला निभाव लागला. नौकेचेही तसेच आहे. समुद्र ओलांडण्याचे साहस शिडे करतील. पण पलीकडच्या गावाशी ओळख व्हावयाची ती भाजीवाल्याच्या दारात, दोन चाकांवरून उतरल्यावरच. ती चाके हलकी असोत, स्वच्छ असोत आणि निर्धोक असोत, एवढीच इच्छा.