तिसऱ्या वर्षाचं बोला

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाला ‘मार्गदर्शनपर’ म्हटलंय. मी भांडायला आलोय.

आत्ताच आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल-श्रीफळ दिलं. पोरांनी कष्ट केलेत, कौतुक व्हायलाच हवं. पण सत्काराची यादी पुन्हा वाचा. ऊसतोड मजुराची मुलं त्यात किती? धुणीभांडी करणाऱ्या बाईची? वर्गणीची पावती घेऊन आपण त्यांच्याही दारात जातो, तेव्हा ते आपल्याच समाजाचे असतात. त्यांची मुलं दहावीत मागे पडत नाहीत. तुमची नातवंडं प्ले ग्रुपात रंग कालवत होती आणि ही पोरं फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला राखत होती, तेव्हाच, तिसऱ्या वर्षीच, ती मागे पडली.

२००२ च्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी राज्यानं प्रयत्न करावा, एवढ्यावर भागवलं. मग पैशाची तरतूदही तशीच, प्रयत्नापुरती!

“अंगणवाडी आहे की,” असं कोणीतरी म्हणणारच. आहे, १९७५ पासून आहे. पण तिथल्या सेविकेनं वजनं घ्यायची, आहार वाटायचा, गृहभेटी करायच्या, लसीकरणाला बायका-मुलं जमवायची, मोबाईलवर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात शिकवायचं. २०१८ साली केंद्रानं तिचं मानधन ठरवलं महिना ४,५०० रुपये. राज्य वर भर घालतं, तरी त्याला पगार म्हणत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारीपर्यंत चालला. आपल्यापैकी किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले? अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला दिवसाला ८ रुपये. एवढ्यात या सभागृहाबाहेर कटिंग चहासुद्धा मिळत नाही.

ताराबाई मोडकांचं नाव घेऊन काटकसर शिकवणारे मला फार भेटतात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर त्या बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, खडे वापरले. खरं आहे. पण खडे फुकट होते म्हणून शिकवणारीही फुकटात मिळावी, हा अर्थ कोणी काढला? त्यांच्या अंगणात शिकवायला अनुताई वाघ होत्या, आयुष्यभर होत्या. शिकवणारं माणूस तयार करायला आणि टिकवायला खर्च येतो, आणि तो सरकारनंच करायचा. देणगीदारांनी खाऊ वाटून फोटो काढल्यानं तो भागत नाही.

समाजभवनाच्या दुसऱ्या मजल्याचा ठराव आज मांडायचा आहे. अध्यक्ष या नात्यानं तो मी पुढे ढकलतो. त्याआधी माझा ठराव घ्या. प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी एक प्रशिक्षित, पगारी शिक्षिका हवी. मजूर आई कामावरून परतेपर्यंत पाळणाघर चालू राहावं. आणि दोन्हींची तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हावी. आमदारसाहेब पहिल्या रांगेत आहेत, त्यांनी ठरावाची प्रत आजच हातात घ्यावी. समाजभवनासाठी जमवलेल्या पैशातून भाडं भरून मजूरवस्तीत एक खोली आपण या महिन्यात घेऊ आणि सरकारची शिक्षिका येईपर्यंत तिथे पगारी बाई ठेवू.

ज्यांचा विरोध असेल, त्यांनी बसल्या जागेवरून कुजबुजू नये. उभं राहून नाव सांगावं, सचिव लिहून घेतील.