पंपाचे युनिट आपणच मोजू



एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. पण युनिट आपल्याच नावावर चढतात. मीटर नसेल तिथे अश्वशक्ती आणि तास धरून अंदाजच मांडतात.

वायरमनकडून टाँगटेस्टर लावून घ्या. समजा, तिन्ही तारांत सात-सात अँपिअर, दोन फेजांमधला दाब ४०० व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८. मग १.७३२ × ४०० × ७ × ०.८, म्हणजे सुमारे ३,८८० वॅट. तारा तीन म्हणून तिपटीने गुणू नका. दाब दोन फेजांमधला घेतला, म्हणून तीनचे वर्गमूळ, १.७३२. (दाब उतरला की अँपिअर वाढतात, आणि जळते ती आपली मोटर!)

सहा तास पंप चालला, २३ युनिट झाले. कागदावर ४० दिसले तर वरचे १७ कुठे मुरले, हे कार्यालयात लेखी विचारा.